किंवा तत्सम

२ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार-आशीर्वाद परवाच्या फोनवर उरकले आहेत, तेव्हा थेट मुद्द्यावर येते. फोन सोडून पत्र का, असं तू विचारणार नाहीस, कारण नियम तुझाच आहे. महत्त्वाचं काही असलं की कागदावर. फोनवर आपण दोन मिनिटांत हमरीतुमरीवर येतो आणि मूळ विषय राहतो बाजूला.

एका नोकरीची जाहिरात आली आहे. नवजात बाळांच्या तपासणीचं ते केंद्र, जिथे देशभरातल्या प्रत्येक बाळाच्या टाचेतल्या रक्ताचे थेंब कागदी कार्डावर येतात, तिथली. यंत्र प्रत्येक थेंबाचा आकडा काढतं. पण ते सगळे आकडे एकत्र बघून कुठे काही बिनसतंय का, हे ओळखायला माणूस लागतो. तो माणूस त्यांना हवाय. मी जाहिरात वाचली आणि उभ्याची खाली बसले. दिवसभर कानाला फोन लावून मी अनोळखी लोकांना विचारत असते की, तुमच्या साबणाबद्दल तुम्ही अत्यंत समाधानी, समाधानी की बरे आहात? त्यासाठी जन्माला आले नाही गं मी. मला हे काम हवंय. कधीच काही इतकं हवं नव्हतं.

आता इथे घोडं पेंड खातंय. अट अशी आहे: 'संख्याधिष्ठित विषयातील पदवी आवश्यक. उदाहरणार्थ गणित, संख्याशास्त्र, भौतिकशास्त्र, अभियांत्रिकी, अर्थशास्त्र किंवा तत्सम.' अर्जात खाली प्रश्न आहे, आपली पदवी संख्याधिष्ठित आहे काय? होय किंवा नाही. होय असल्यास कशी ते थोडक्यात लिहा.

मी केंद्रात फोन करून विचारलं, मानसशास्त्र तत्सममध्ये बसतं का? पलीकडचे गृहस्थ म्हणाले, "तत्सम म्हणजे तत्सम." मी म्हटलं, रसायनशास्त्र? "चालतं." भूगोल? "मागे एक भूगोलवाले लागलेत आमच्याकडे, हुशार आहेत." प्राणिशास्त्र? "ते कुठलं त्यावर आहे." आणि मानसशास्त्र? गृहस्थांनी सुस्कारा सोडला. "बाई, तुमच्या विषयात आकडे आहेत की नाहीत ते तुम्हालाच ठाऊक. मी तिथे शिकायला नव्हतो."

मी होते. पण माझं मला ठरवता येत नाहीये, कारण घरात मी कोण ते आपल्याला माहीत आहे. नववीत गणितात गचकलेली पोर. प्रगतिपुस्तकावर सही करण्याआधी बाबांनी चष्मा पुसून आकडा परत वाचला होता. आणि तू सुवर्णपदकवाली. घरातला गणिताचा वाटा तू एकटीनेच संपवलास, असं आई अजून म्हणते.

म्हणून तुझ्याकडून हवंय. खरं सांग, 'होय'वर खूण करू का? अर्जाची मुदत २५ तारखेपर्यंत आहे.

तुझ्या बाळमहाराजांना पापा. भावोजींना आणि सासूबाईंना नमस्कार.

तुझी,
ठमी

—

७ मार्च

प्रिय ठमे,

खरं सांग म्हणालीस म्हणून सांगते. नाही.

रागावू नकोस. विमा कंपनीत सहा वर्षं मी अर्ज पाहते आहे. कुणी वाणिज्यवाला म्हणतो माझ्यात गणित आहे, कुणी संगीतवाली म्हणते ताल म्हणजे गणितच. मग माझ्या साडीला निऱ्या आहेत, तेही गणितच म्हणायचं. गणित म्हणजे गणित. संख्याशास्त्राचे दोन-चार पेपर दिले म्हणून विषय संख्याधिष्ठित होत नाही. तुझा विषय चांगला आहे, माणसांना त्याची गरज आहे. एखाद्या शाळेत समुपदेशकाची जागा बघ. तू बोलायला लागलीस की दगडालाही पाझर फुटतो.

इकडे सगळं यथास्थित. रजा संपायला अजून दोन महिने आहेत. महाराजांना पाच महिने पूर्ण झाले आणि आता ते पालथे पडून, मान वर करून आमच्याकडे अशा नजरेने बघतात की आपणच कुठेतरी हिशेबात चुकलो असं वाटतं. सासूबाई म्हणतात, आजोबांवर गेलाय. त्याचे बाबा म्हणतात, माझ्यावर. मी काही म्हणत नाही, मला झोप आलेली असते.

एक विचारायचं राहिलं. तू प्रबंधासाठी त्या प्रयोगशाळेत वर्षभर करत काय होतीस? बाळांवर काहीतरी, एवढंच मला माहीत आहे. तुम्ही मोजता तरी काय? मन काही फूटपट्टीने मोजता येत नाही.

तुझी,
ताई

—

१० मार्च

प्रिय ताई,

तुझं पत्र वाचून मी दोन दिवस तुझ्याशी मनातल्या मनात भांडले. त्यात मी जिंकले, पण तुला कळवल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

आम्ही नजर मोजतो.

आता नीट ऐक. एक अंधारी खोली. मध्ये चहाच्या ट्रेएवढा छोटासा रंगमंच, त्यावर दिवा. समोर खुर्चीत आई, तिच्या मांडीवर पाच महिन्यांचं बाळ. आईच्या डोळ्यांवर पट्टी. ती का, ते सांगते. आईला काय घडतंय ते दिसलं तर ती दचकणार, तिच्या मांडीला ते कळणार, आणि मांडीवरून बाळाला. मग आपण बाळाचं नाही, आईचं मन मोजत बसू. मी भिंतीआड. एका भोकातून मला फक्त बाळाचा चेहरा दिसतो, रंगमंच दिसत नाही. मलाही तो दिसू द्यायचा नसतो. बाळ बघतंय तोवर बटण दाबून धरायचं, नजर वळली की सोडायचं. आमच्या मार्गदर्शक मॅडम म्हणायच्या, ज्याला उत्तराची आस आहे त्याच्या हाती घड्याळ देऊ नये.

रंगमंचावर एक बाहुली ठेवतात. तिच्यापुढे छोटा पडदा उभा राहतो. मग बाजूने एक हात येतो, त्यात दुसरी बाहुली असते. बाळाच्या देखत ती पडद्यामागे जाते आणि हात रिकामा परत येतो. झालं. पडदा पडतो. कधी मागे दोन बाहुल्या असतात, बरोबर. कधी मागच्या चोरदारातून एक काढून घेतलेली असते, आणि उरते एकच.

दोन असल्या की बाळं बघतात न बघतात आणि दिव्याकडे वळतात. एकच असली की बघत राहतात. पाय हलायचे थांबतात. ओठ किंचित उघडतात. जगात ठिकठिकाणच्या प्रयोगशाळांत हे पाहिलं गेलंय. आम्ही सरावासाठी हा जुना प्रयोग केला, तेव्हा पहिल्यांदा मी त्या भोकाला डोळा लावून बसले होते. ते बाळ बघतच राहिलं, आणि माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. कारण रंगमंचावर काय आहे ते मला दिसत नव्हतं, पण त्याच्या चेहऱ्यावरून मला कळलं की तिथे काहीतरी चुकलंय. ताई, त्याला 'एक' हा शब्द माहीत नाही. आपले हात आपलेच आहेत, हेही त्याला नुकतंच कळलंय. आणि तरी एक आणि एक मिळून एक होऊ शकत नाही, यावर त्याचा ठाम विश्वास आहे! कुणी शिकवलं? कधी? तुझं सुवर्णपदक ज्या झाडाला लागलं त्याचं मूळ मी पाहिलंय, एवढंच मला म्हणायचं आहे.

आता सांग, माझ्या विषयात संख्या आहे की नाही?

तुझी,
ठमी

—

१५ मार्च

ठमे, ठमे, ठमे!

प्रिय वगैरे नंतर. काल दुपारी आम्ही केलं!

बुटांचं खोकं आडवं ठेवलं. मागून कापून चोरदार केलं. बाहुल्या नव्हत्या, तर लाकडी बदकं घेतली. पडदा म्हणून माझ्या विम्याच्या एका जाड पुस्तकाचा पुठ्ठा, त्या पुस्तकाचा एवढा चांगला उपयोग आजवर झाला नव्हता. महाराज माझ्या मांडीवर. तुझे भावोजी टेबलाखाली घुसले, गुडघे दुमडून, आणि तिथून हात घालून बदक काढायचं काम त्यांच्याकडे. सासूबाई दारात उभ्या राहून म्हणत होत्या, "अरे, एवढ्याशा लेकराला फसवता? पाप लागेल."

पहिल्यांदा दोन बदकं. महाराजांनी पाहिलं, जांभई दिली. मग फसवलं. पुठ्ठा खाली आला, मागे एकच बदक. आणि ठमे, तो बघत राहिला. त्याचे पाय थांबले. अगदी तू लिहिलंस तसे ओठ उघडले. मग त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं, जणू विचारत होता की, आई, हे तुला चालतं का? आणि पुन्हा बदकाकडे.

मला रडू आलं. त्याला दूध पाजून, ढेकर काढून, लंगोट बदलून मी पाच महिने एका मऊ गाठोड्याची निगा राखते आहे असं मला वाटत होतं. त्या गाठोड्याच्या आत कुणीतरी बसलेलं आहे आणि ते हिशेब ठेवतंय. एक अधिक एक बरोबर दोन हे मी कितीतरी वेळा लिहिलं असेल, पण ते एवढं मोठं आहे हे मला काल कळलं. रात्री तो झोपला तेव्हा मी त्याच्या डोक्यावर हात ठेवून नुसती बसले होते. एवढंसं डोकं, तळव्यात मावतं!

मी हरले. तुझा विषय संख्याधिष्ठित आहे आणि वर दोन अंगुळं. बाळाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात, आमच्याकडे गणितही दिसलं. मी आईला फोन करून सांगितलं, ऑफिसातल्या साहेबांनाही सांगितलं. आता तू अर्जात ठणकावून लिही की, बाळांना उपजत गणित येतं हे मी माझ्या प्रबंधात सिद्ध केलं. हा सूर्य, हा जयद्रथ. बघू, कोण नाही म्हणतं!

तुझी,
ताई

—

१८ मार्च

प्रिय ताई,

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. पहिल्यांदा नाचले. चौथ्यांदा वाचून झाल्यावर कागद घेऊन बसले.

मी तुला खोटं लिहिलं नाही, पण सगळं लिहिलं नाही. बाहुल्यांचा प्रयोग सरावाचा होता, आणि तो दुसऱ्यांनी आधीच शोधलेला. माझ्या प्रबंधाचा प्रश्न वेगळा होता. पडद्यामागून दोनदा टकटक ऐकू आली, तर बाळ दोन बाहुल्यांची अपेक्षा करतं का? म्हणजे कानाने मोजलेलं डोळ्याला कळतं का? मला हा प्रश्न इतका सुंदर वाटायचा की रस्त्याने चालताना मी तो स्वतःलाच सांगायचे. बत्तीस बाळं आली. बत्तीस आयांनी डोळ्यांवर पट्टी बांधून घेतली. आणि उत्तर आलं: माहीत नाही. बाळांनी दोन्हीकडे जवळपास सारखंच पाहिलं. जो किंचित फरक होता, तेवढा नुसत्या योगायोगानेही पडतो.

तीन बाळं मध्येच किरकिरली होती. मॅडमनी विचारलं, "ही वगळलीस तर फरक चांगला दिसतो. वगळायची का?" आम्ही सुरुवातीला ठरवलं होतं की प्रयोगभर रडलेलं बाळच वगळायचं. ही नुसती किरकिरली होती. आकडे पाहिल्यावर नियम बदलायचा म्हणजे बाण लागला तिथे जाऊन वर्तुळ काढायचं. मी नाही म्हटलं. मॅडमनी मान हलवली, आणि ती शाबासकी होती की कीव, ते मला अजून कळलेलं नाही. प्रबंधाच्या शेवटी मी लिहिलं, 'या पुराव्यावरून काहीही म्हणता येत नाही.' वर्षभराचं काम आणि शेवटचं वाक्य असलं! तुला कशी सांगणार होते? तू गणितातली, तुझ्याकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर असतं.

आणि आता त्याहून अवघड गोष्ट. ताई, तुझा प्रयोग बाद आहे. तुझे डोळे उघडे होते. बदक गेलंय हे तुला ठाऊक होतं, तू श्वास रोखला असशील. भावोजी टेबलाखाली खुडबुडले असतील. वेळ कुणी मोजलीच नाही. आणि सगळ्यात मुख्य म्हणजे बाळ एक, प्रयोग एक, आणि परीक्षक त्याची आई! शितावरून भाताची परीक्षा ठीक आहे, पण शीत आपल्याच ताटातलं असेल तर नाही.

महाराजांना येत असेलही गणित. पण त्या बुटांच्या खोक्याने ते सिद्ध झालं नाही. तू इतकी आनंदात असताना हे लिहायला नको वाटतंय.

तेव्हा आता मी अर्जात काय लिहू? माझ्या प्रबंधाचा निष्कर्ष 'काही कळलं नाही' असा आहे, असं लिहिलं तर मला कोण बोलावणार?

तुझी,
ठमी

—

२१ मार्च

प्रिय ठमे,

पत्र वाचून मी आधी लाल झाले, मग पांढरी, आणि मग इतकी हसले की महाराज घाबरले.

अगं, कंपनीत नव्या पोरांना मी पहिल्याच दिवशी बजावते की एका अपघातावरून हप्ता ठरवू नका. सुवर्णपदक आहे, सहा वर्षांचा अनुभव आहे, आणि एका बदकाने माझी विकेट काढली. आपला तो बाळ्या म्हणतात ना, त्याला गणितसुद्धा अपवाद नाही. श्वास मी रोखलाच होता. तुझ्या भावोजींना विचारलं, तर ते म्हणाले, "मी टेबलाला डोकं आपटलं होतं, पण तुझा चेहरा बघून बोललो नाही." म्हणजे महाराज बदकाकडे बघत होते की बापाच्या टाळक्याकडे, देव जाणे. साहेबांना आज सांगावं लागेल.

तरी मला वाईट वाटलेलं नाही. तो तसा बघू शकतो, एवढं मी पाहिलंय. कशामुळे, ते नाही कळलं. 'नाही कळलं' म्हणताना जीव एवढा हलका होतो हे मला माहीत नव्हतं.

आता तुझ्याविषयी. मी ७ तारखेला लिहिलेलं 'नाही' मागे घेते, आणि १५ तारखेचं 'होय'सुद्धा, कारण ते बदकाच्या जोरावर होतं. आता तिसऱ्यांदा उत्तर देते. बेरीज-भागाकार यंत्रं करतात. आकडा हाती आला की तो आपल्या मनासारखा वाकवायचा मोह सगळ्यांना होतो, मला झाला. तू वर्षभराचं स्वप्न समोर असताना तीन किरकिरी बाळं वगळली नाहीस. आमच्या खात्यात वीस माणसं आहेत, सगळी गणितवाली. त्यातली किती जणं वगळणार नाहीत, याचा मी काल विचार करत होते, आणि एका हाताची बोटं पुरली. तू, नववीत गचकलेली ठमी, असं काही करू शकतेस याने मी थक्क झाले आहे. एरवी मी तुझी स्तुती करत नाही, तेव्हा हा कागद जपून ठेव.

'होय'वर खूण कर. आणि 'कशी' या प्रश्नाखाली ते 'काहीही म्हणता येत नाही' जसंच्या तसं लिही. नाही बोलावलं तर त्यांचं नशीब फुटकं.

तुझी,
ताई

—

१९ एप्रिल

प्रिय ताई,

काल मुलाखत झाली. सगळं क्रमाने लिहिते, नाहीतर मला स्वतःलाच पटायचं नाही.

तासभर लवकर पोचले, म्हणून स्वागतकक्षातल्या बाई म्हणाल्या, "बसून काय करणार? भांडार बघून या." तळघरात एक लांबच लांब खोली आहे, थंडगार. दोन्ही बाजूंना छतापर्यंत खण. बाईंनी सहज एक खण ओढला. आत कार्डं, उभी, एकाला एक लागून. प्रत्येकावर चार गोल, वाळलेल्या रक्ताचे, गंजासारख्या तांबूस रंगाचे. मी विचारलं, किती बाळं आहेत इथे? त्या म्हणाल्या, "जन्मलेली सगळी."

ताई, सगळी! देशात जी जी बाळं जन्मली ती सगळी तिथे, टाचेच्या चार थेंबांएवढी. जुळी शेजारी शेजारी. श्रीमंताचं आणि भिकाऱ्याचं कार्ड एकाच मापाचं. मी लहानपणी रात्री गच्चीवर आडवी पडून आकाशाकडे बघायचे तेव्हा जसं व्हायचं तसं मला झालं, पण तिथे वर बघायचं होतं आणि इथे एक खण ओढायचा होता. आपले महाराजही तिथेच कुठेतरी असतील. मी हात जोडले. बाई म्हणाल्या, "पहिल्यांदा येणारे बरेच जण तसं करतात."

मुलाखतीला तिघं होते. केंद्राच्या प्रमुख डॉक्टरीणबाई, संख्याशास्त्राचे एक उंच गृहस्थ आणि नेमणूक विभागाचे एक. नेमणूकवाल्यांनी माझा अर्ज बोटाने पुढे सरकवला. "मानसशास्त्र यादीत नाही." मी म्हटलं, "तत्सम आहे की नाही, हे ठरवायलाच तुम्ही मला बोलावलंत असं मी समजते." उंच गृहस्थ खाली बघून हसले. मग त्यांनी तीन किरकिऱ्या बाळांबद्दल खोदून खोदून विचारलं. का नाही वगळली? नियम आधी कुठे लिहिला होता? मॅडमनी आग्रहच केला असता तर? मी उत्तरं देत गेले. ते कागदावर काहीतरी लिहीत होते, मला वाचता आलं नाही.

मग डॉक्टरीणबाई बोलल्या. त्यांचा आवाज अगदी हळू आहे, पुढे वाकून ऐकावं लागतं. "आकडा रेषेच्या वर गेला की आम्ही घरी फोन करतो, बाळाला पुन्हा तपासायला आणा म्हणून. रेषा खाली ओढली तर धडधाकट बाळांच्या घरी उगाच आकांत. वर ओढली तर एखादं आजारी बाळ सुटतं. सध्या अशा शंभर फोनांमागे नव्वदहून जास्त बाळं ठणठणीत निघतात. समजा, हा फोन तुम्हाला करायचा आहे. आईला काय सांगाल?"

सरळ उत्तर होतं, की हाच आकडा सांगेन. ते माझ्या ओठांवर आलं होतं. पण मला त्या बत्तीस आया आठवल्या. प्रयोगाआधी मी त्यांना सगळं नीट समजावून सांगायचे, आणि नंतर विचारलं तर निम्म्या जणी भलतंच सांगायच्या. त्या हुशार होत्या गं, पण मांडीवर बाळ होतं. मी म्हटलं, "शंभर, नव्वद असं नाही सांगणार. मी म्हणेन, असा फोन आलेल्या दहा आया एका खोलीत बसल्या आहेत असं समजा. नऊ जणी बाळाला घेऊन तशाच घरी जातील, काही निघणार नाही. दहावीच्या बाळाला औषध लागेल, आणि ते आहे, आणि आपल्याला वेळेत कळलंय. एवढं सांगून मी फोन ठेवणार नाही. मी विचारेन, तुमचे यजमान घरी आले की त्यांना काय सांगाल, ते मला सांगा."

डॉक्टरीणबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. नेमणूकवाले म्हणाले, "ठीक आहे, कळवू." बाहेर येऊन मी जिन्यात बसले. संख्याधिष्ठित जागेच्या मुलाखतीत मी आकडाच सांगायला नकार देऊन आले! बहुतेक माती खाल्ली. पण ती खोली बघायला मिळाली, ती मी जन्मभर विसरणार नाही.

तुझी,
ठमी

—

२ मे

प्रिय ताई,

तुझं उत्तर नाही. पत्र मिळालं ना? फोन केला तर भावोजी म्हणाले, "ती लिहिते आहे, फाडते आहे."

इकडून दोन ओळी. निवड झाली! सोमवारपासून रुजू. नेमणूकवाल्यांनी माझ्या पदवीपुढे स्वतःच्या हाताने 'संख्याधिष्ठित' असं लिहिलंय आणि खाली सही केली आहे. पहिला महिना आकड्यांवर नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आधी फोनच्या टेबलावर बसा, आपण आयांशी कसं बोलतो ते ऐका, आणि काय बदलायचं ते मला सांगा.

मी काही चुकीचं लिहिलं का गं?

तुझी,
ठमी

—

६ मे

प्रिय ठमे,

तू काहीच चुकीचं लिहिलं नाहीस. हे पत्र मी पाचव्यांदा लिहिते आहे, आता फाडणार नाही. निवडीची बातमी वाचून तुझ्या भावोजींनी महाराजांना उचलून नाचवलं, मी मात्र स्वयंपाकघरात जाऊन रडले. कशासाठी, ते सांगते.

महाराज जन्मले त्या आठवड्यात तुझी तोंडी परीक्षा होती, म्हणून पुढचं काही तुला कळवलं नव्हतं. नंतर कळवावंसं वाटलं नाही. तो सहा दिवसांचा असताना मला तो फोन आला होता, तुझ्या त्या टेबलावरून.

बोलणारा मनुष्य सज्जन होता. बाळाचा एक आकडा रेषेच्या वर आहे, उद्याच पुन्हा तपासायला आणा, निकालाला चार दिवस लागतील, असं त्याने सांगितलं. मी काही विचारायच्या आत त्याने आकडासुद्धा सांगितला. अशा शंभर फोनांमागे नव्वदहून जास्त बाळं ठणठणीत निघतात. अगदी स्पष्ट, सावकाश. मी थँक्यू म्हटलं. ठमे, हे गणित मी शिकवते. फळ्यावर खडूने, डोळे मिटून मांडून दाखवेन.

तुझे भावोजी घरी आले तेव्हा मी बाळाला घेऊन खाटेवर बसले होते. त्यांनी विचारलं, काय म्हणाले? मी म्हटलं, शंभरात नव्वद. त्यांनी विचारलं, नव्वद काय? आणि मी म्हटलं, आजारी.

मी मुद्दाम नाही म्हटलं. मला तसंच आठवत होतं. चार दिवस मला तसंच आठवत राहिलं. आम्ही दोघांनी त्या आकड्यावर चार दिवस काढले. मी त्याला मांडीवरून खाली ठेवला नाही, आणि हे जमिनीवर बसून आपल्या बाबांना पत्र लिहायचे आणि फाडायचे. निकाल आला, काही नव्हतं. निकाल सांगणारी नर्स हसून म्हणाली, "अहो, दहातल्या नऊ जणांचं असंच असतं, सांगितलं नव्हतं का तुम्हाला?" तेव्हा मला फोनवरचं बोलणं ऐकू आलं, त्या माणसाच्या आवाजात, जसंच्या तसं. मी यांना आजवर सांगितलेलं नव्हतं की, आकडा मी उलटा केला होता. तुझं १९ तारखेचं पत्र यांना वाचून दाखवलं तेव्हा सांगितलं. यांनी पत्राचं ते पान हातात घेऊन पुन्हा वाचलं. मग म्हणाले, "त्याने फोन ठेवायच्या आधी तुला एवढंच विचारलं असतं, तर?"

विचारलं असतं, तर मी म्हटलं असतं, शंभरात नव्वद आजारी. आणि तो म्हणाला असता, नाही ताई, उलट.

आजही कुणालातरी फोन जाईल. ती शिकलेली असेल, हो हो म्हणेल, थँक्यू म्हणेल, आणि तुला वाटेल की तिला कळलं. घाई करू नकोस. ती तिच्या तोंडाने सांगेपर्यंत फोन ठेवू नकोस.

तुझी,
ताई